दातांचा अर्ज

बाबांचा उजवा हात गिरणीने घेतला, हे आमच्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांचे दात कुणी घेतले, यावर मात्र पुढे दोन वर्षं वाद चालला. विम्याच्या ऑफिसाचं म्हणणं, दातांचा आणि हाताचा काही संबंध नाही. आईचं म्हणणं, दात बाबांच्या हट्टाने गेले. आणि बाबांचं म्हणणं एकच होतं, की हात असता तर दात राहिले असते, आणि हे कुणीतरी कागदावर कबूल करावं. बाबांना वाचता उत्तम यायचं, पण लिहिणारा हातच गेला होता, आणि आई निरक्षर. म्हणून हा सगळा वाद माझ्या हातून कागदावर उतरला. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. परवा नात मला दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या गार खोलीत, आडव्या खुर्चीवर तोंड उघडं टाकून पडले असताना मला राहून राहून बाबांचंच तोंड दिसत होतं. घरी आल्यावर ठरवलं, हे लिहून काढायचं.

लालबागला आमची दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती. खाली मिरच्या-मसाला कुटायचे डंख. सकाळी आठाला ते धडधडायला लागले की भिंतीवरची भांडी किणकिणायची, आणि दुपारी वारा फिरला की सगळी गॅलरी खोकायची. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आमच्या यायचं नाही. आई खाली मिरच्यांची देठं खुडायला जायची. तिचे हात संध्याकाळी इतके भगभगायचे, की ती आम्हाला तोंडाला हात लावू द्यायची नाही. माझी वेणी शेजारची बाई घालायची. आई मालवणकडची, मुंबईत तीस वर्षं काढूनही मालवणीच बोलली. बाबा गिरणीत राहून राहून मुंबईचं बोलायला लागले होते. रात्रपाळीला असताना कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात त्यांचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. कोपराच्या थोडं खाली काय ते उरलं. तेव्हा मी लहान होते, मला आठवतो तो फक्त इस्पितळातला वास, आणि आई हसत होती ते. बाबा वाचले म्हणून हसत होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

त्यानंतर दर महिन्याला विम्याचे पैसे यायला लागले. सगळी चाळ त्यांना ‘हाताचे पैसे’ म्हणायची. कुणी वाईट अर्थाने म्हणत नसे. पगार, बोनस, तसे हाताचे पैसे. त्यात भाडं, रॉकेल आणि उकडे तांदूळ बसायचे. बाकीचं बसवायला बाबा घरी मसाल्याच्या पुड्या बांधायचे. खालचा दुकानदार मसाला, रद्दी आणि दोऱ्याची रिळं वर पाठवायचा. बाबा भिंतीला टेकून मांडी घालून बसायचे, पुडी थोट्या हाताखाली दाबायचे, डाव्या हाताने दोरा गुंडाळायचे आणि शेवटी दोऱ्याचं एक टोक दातांत धरून गाठ आवळायचे. मान एकदा उजवीकडे झटकली की गाठ बसली. माझ्या दोन धड हातांनी मी एक पुडी बांधीपर्यंत त्यांच्या दोन व्हायच्या. फक्त पुड्याच नव्हेत. लेंग्याची नाडी, पिशवीचं तोंड, बाटलीचं बूच, बिडीचं बंडल, सगळ्याला दात. माझ्या शाळेच्या दप्तराचा बंद तुटला तेव्हा त्यांनी सुई दातांत धरून, डाव्या हाताने दोरा ओवून, तो शिवून दिला होता.

दात दुखायला लागले ते एकाएकी नाही. दोऱ्याला मसाला लागलेला असायचा. पुढच्या दातांच्या मुळाशी दोऱ्याने आधी खाच पडली, मग हिरडी फाटली, आणि त्या फाटलेल्या हिरडीत दिवसभर मिरची जायची. बाबा ओरडायचे नाहीत. एखादी गाठ आवळली की डोळे मिटून घ्यायचे आणि पाय जमिनीवर आपटायचे. खालच्या खोलीतली म्हातारी विचारायची, "वर कोण धोंडे टाकतंय गो?" आईने लवंग कुटून भरली, तुरटीच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या, गावाहून कसली तरी साल मागवून ती उगाळून लावली. भाकरी चावेना म्हणून ती कुळथाच्या पिठीत भाकरी कुस्करून द्यायला लागली. बाबा ताट मागे सारायचे.

"माझ्या ताटात भाकरी अख्खी वाढ."

"चावतली कशी?"

"ते माझं मी बघीन."

आणि ते एका बाजूच्या दाढांनी, मान वाकडी करून, अर्धा तास ती भाकरी खात बसायचे. आम्ही उठून जायचो, भांडी घासून व्हायची, बाबा आपले खातच. आईला त्याचा राग यायचा. मला तेव्हा कळायचं नाही, आता वाटतं, ते जेवण नव्हतंच, ती त्यांची लढाई होती आणि रोज अर्धा तास ते ती जिंकायचे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. आमच्या गॅलरीत सकाळची पाळी गेल्यावर बाबा पेपर मोठ्याने वाचायचे. रात्रपाळीहून आलेली माणसं, ज्यांना अक्षर येत नव्हतं अशा बायका, सगळे कठड्याला टेकून ऐकायचे. बाबांचा आवाज खणखणीत होता. मोर्चात घोषणा द्यायलाही त्यांनाच पुढे काढायचे. हात नसलेला माणूस पुढे दिसला की पोलीस जरा बिचकतो, असं काही लोक म्हणायचे. बाबांना ते आवडत नसे. ते म्हणायचे, "मला आवाजासाठी बोलवा, हातासाठी नको." असंच एकदा आमच्या चाळीपासून समोरच्या चाळीपर्यंत, रस्त्यावरून, सभेचा कापडी फलक बांधायचा होता. दोर ओला होता. सगळ्यांनी नको म्हटलं, पण दुसऱ्या कुणी बांधलेली गाठ बाबांना कधी पटायची नाही. कठड्यावर पोट टाकून त्यांनी दोराचं टोक दातांत धरलं आणि मान झटकली. कट्‌ असा आवाज मी स्वतः ऐकला. वरचे पुढचे दोन दात मुळापासून तुटले आणि तिसरा लोंबायला लागला. खालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण फलक ताठ बसला होता. बाबा वळले तेव्हा त्यांची हनुवटी लाल झाली होती.

त्यानंतर त्यांनी पेपर वाचणं सोडलं. ‘स’ म्हणायला गेलं की वारा जायचा. बोलताना ते तोंडापुढे डावा पंजा धरायला लागले. आणि इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एकदा मी मैत्रिणींबरोबर शाळेतून येत होते, आणि समोरच्या फुटपाथवरून बाबांनी मला हाक मारली. माझं नाव सुलोचना, घरात सुलू. ते ‘हुलू’ असं काहीतरी ऐकू आलं. मैत्रिणी खिदळल्या. एकीने विचारलं, "कोण गं तो?" मी म्हटलं, "ठाऊक नाही," आणि चालत राहिले. बाबांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. घरी आल्यावरही त्यांनी विषय काढला नाही. ते एक शब्द जरी बोलले असते तरी मला बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी मी न सांगता वही आणि टाक घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, आपण विम्याला अर्ज करू. तुम्ही सांगा, मी लिहिते."

त्याआधी आम्ही दातांच्या सरकारी इस्पितळात जाऊन आलो होतो. तिथे दात काढायला पैसे पडत नसत. तरुण डॉक्टर होता, चांगला होता. तोंड बघून म्हणाला, हे सगळे काढावे लागतील, वरचे आणि खालचे, मागचेही. कवळी मात्र तुमची तुम्हाला करून घ्यावी लागेल, ती इथे फुकट मिळत नाही. बाबांनी विचारलं, "कवळीने दोर ओढता येतो?" डॉक्टर हसला. "दोर कशाला ओढायचाय, काका?" बाबा खुर्चीतून उठलेच. जिन्यात मला म्हणाले, "दात काढायला फुकट, घालायला पैसे. गिरणीचं पण तेच होतं."

विम्याच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले ती शाळा बुडवून. लांब टेबल, त्यावर लाल फितीने बांधलेली बाडं, आणि त्यांच्यामागे एक चष्मेवाले कारकून. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझा अर्ज हातात घेतला, वरची ओळ बघितली आणि परत केला.

"इंग्रजीत लिहून आणा."

"का?" बाबा म्हणाले.

"साहेबांकडे इंग्रजीतच जातं सगळं."

बाबांनी तोंडापुढचा पंजा काढला. "मशीनने हात खाल्ला तेव्हा मी मराठीतच ओरडलो होतो. तेच पोरीने लिहिलंय. साहेबांना समजत नसेल तर तुम्ही समजावा."

बाकावर बसलेल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. कारकुनांनी इकडेतिकडे बघितलं आणि अर्ज वाचायला घेतला. वाचून झाल्यावर ते जरा पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "परब, ऐका. यात तुम्ही लिहिलंय की पुड्या बांधून दात हलले आणि फलक बांधताना तुटले. असं लिहून काही मिळायचं नाही. वर तुम्ही मोर्चेवाले म्हणून साहेब उखडतील. त्यापेक्षा असं लिहा, की अपघाताच्या वेळी तोंड पण मशीनवर आपटलं, दात तेव्हाच हलले, आता पडले. त्या वेळचा एखादा कामगार साक्षीला आणा. मग मी बघतो काहीतरी."

मला इतका आनंद झाला की मी लगेच वही उघडली. बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तोंड आपटलं नव्हतं," ते म्हणाले.

"अहो, कोण बघायला आलंय?"

"मी होतो ना तिथे."

घरी आल्यावर आईने हे ऐकलं आणि हातातलं सूप जमिनीवर आपटलं. "कारकुनान वाट दाखवल्यान तर तुमका खरा बोलाचा! खरा बोलल्यान काय नवे दात येतले?"

"खोटं बोलून दात आले, तर ते मशीनने घेतलेले दात होतील," बाबा म्हणाले. "मशीनने हात घेतला, त्याचे पैसे मिळतात. दात एकहाती जगण्याने गेले. हे त्यांना मान्य करायचं नाही म्हणून मी दुसरंच काहीतरी सांगू? मग उद्या दुसऱ्या कुणाचे असेच गेले तर त्याने काय सांगायचं?"

"दुसऱ्याचा माका सांगू नकात. हंय तोंडातसून पू येता."

ते खरंच होतं. त्यांच्या तोंडाला वास यायला लागला होता, ताप येऊन जायचा. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्यांच्या पुड्यांची टोपली स्वतःकडे ओढली आणि गाठी मारायला बसली. दिवसभर मिरच्यांत राबलेल्या बोटांनी ती गाठी मारायची आणि बाबांकडे बघायचीही नाही. बाबा टोपली परत ओढायचे. असं ते दोघं त्या टोपलीवरून भांडत असायचे आणि मी कोपऱ्यात बसून अर्ज पुन्हा स्वच्छ लिहायची. एकूण तीन अर्ज झाले. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसरा हरवला म्हणून सांगितलं. तिसरा घेऊन बाबा पुन्हा स्वतः गेले आणि म्हणाले, आता उत्तर घेतल्याशिवाय मी उठत नाही. दुपारचं जेवण मी त्यांना तिथे नेऊन दिलं. कारकुनांच्या समोरच्या बाकावर बसून त्यांनी ती अख्खी भाकरी अर्धा तास खाल्ली. शेवटी कारकुनांनाच बघवेना. ते आत गेले, आणि मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं.

मोठे डॉक्टर म्हणजे अपंगपण ठरवणाऱ्या मंडळातले. पन्नाशीचे, पांढरा कोट, फार थकलेला चेहरा. मराठी होते, पण पुण्याकडचं शुद्ध बोलायचे. त्यांनी अर्ज वाचला आणि समजुतीच्या स्वरात सांगितलं, "हे पाहा, कोणत्या इजेला किती भरपाई, याचा तक्ता ठरलेला आहे. हात आहे त्यात, बोटं आहेत, डोळा आहे. आपल्या दातांचा अपघाताशी संबंध लागत नाही."

"लागतो," बाबा म्हणाले.

"कसा?"

टेबलावर फितीने बांधलेलं एक बाड होतं. बाबांनी ते आपल्यापुढे ओढलं, डाव्या हाताने फीत सोडली आणि बाड डॉक्टरांच्या पुढे सरकवलं. शिपाई धावत आला, "ओ, ओ, काय करताय!"

"काही नाही. डॉक्टरसाहेबांनी हे परत बांधावं. फक्त डाव्या हाताने. उजवा खिशात घालून."

मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार. डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. का कोण जाणे, त्यांनी खरंच उजवा हात कोटाच्या खिशात घातला. डाव्या हाताने त्यांनी फीत बाडाखालून घेतली. वर आणली. एक टोक बोटांत धरलं, दुसरं निसटलं. कोपराने दाबून बघितलं, कागद सरकले. पुन्हा फीत ओढली. शिपाई हसू दाबत होता. डॉक्टरांना आता चेव आला होता, कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्यांनी बाडावर मनगट दाबलं, बोटांनी एक टोक वळवलं, आणि दुसरं टोक धरायला त्यांचं डोकं आपोआप खाली गेलं. फीत दातांत धरून ते एक क्षण तसेच राहिले.

डॉक्टरांनी फीत सोडली, रुमालाने ओठ पुसले आणि खुर्चीला पाठ टेकली.

"तरी नियमात बसत नाही, परब," शेवटी ते म्हणाले. आवाज अगदी वेगळा होता. "मला पटलं. पण मला अधिकार नाही."

"मग तसं लिहून द्या. पटलं, पण अधिकार नाही. मराठीत."

"असं कुणी लिहून देत नाही."

"म्हणूनच पाहिजे."

डॉक्टरांनी पेन काढलं. लिहिता लिहिता त्यांनी बाबांची जुनी फाईल मागवली, नंबर घालायला. ती चाळताना ते एका पानावर थांबले. "इकडे या. सदरा काढा जरा." त्यांनी खणातून टेप काढली आणि कोपराच्या हाडापासून थोट्याच्या टोकापर्यंत धरली. मग पुन्हा धरली. "हे कुणी मोजलं होतं?"

"इस्पितळात कुणीतरी आलं होतं. तेव्हा पट्टी होती."

"पट्टीसकट मोजलंय," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. मग आम्हाला त्यांनी समजावून सांगितलं. कोपराखाली किती हात उरला, यावर पैशांचा दर ठरतो. एका ठरावीक लांबीपेक्षा कमी उरला असेल तर दर वरचा. जाड पट्टीवरून मोजल्यामुळे बाबांचा हात कागदावर लांब झाला होता, आणि इतकी वर्षं त्यांना खालच्या दराने पैसे मिळत होते.

मला वाटलं होतं, बाबा हात जोडतील, एका हाताने जसे जोडता येतात तसे. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे माझा दीड इंच हात निघतो." आणि मग, "ते तुम्ही कराल ते करा. पण आधी दातांचं लिहून द्या."

दातांचा आणि मापाचा, दोन्ही कागद मिळाले. मंडळापुढे पुन्हा मोजणी झाली, आणखी चार-पाच महिने गेले, आणि शेवटी मागचा फरक एकरकमी हातात आला. आईच्या मनात त्यातून गावचं घर शाकारायचं होतं, माझ्या मनात दोन नवे परकर-पोलकी होती. पैसे आले त्या दिवशी आईने ते पदरात बांधले, कुणालाही हात लावू दिला नाही, आणि बाबांना म्हणाली, "चला. आधी तोंड."

एका चिनी दंतवैद्याचं नाव गिरणीतल्या लोकांनी सांगितलं होतं. भायखळ्याच्या पुढे त्याचं दुकान होतं, दारावर रंगवलेलं भलंमोठं दातांचं चित्र. त्याचं हिंदी आमच्यासारखंच मोडकं होतं. त्याने बाबांच्या तोंडात आरसा घातला, बराच वेळ एकेक दात हलवून बघितला आणि विचारलं, "इससे क्या करता है तुम? रस्सी काटता है?" बाबांनी खिशातून दोरा काढून पुडी बांधून दाखवली. तो टक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "आगे का सब जायेगा. पीछे का ये दो दाढ पक्का है. ये हम नहीं निकालेगा. ये तुम्हारा काम का है. रस्सी इधर पकडो, नकली दात से नहीं." इस्पितळात जे काढून टाकायला निघाले होते, ते दोन त्याने तसेच ठेवले. एवढा कारागीर माणूस, पण त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. चिनी डॉक्टर म्हणायचो, बस. पुढे काही वर्षांनी चीनशी लढाई झाली, आणि बाबा कवळी घासून घ्यायला गेले तर दुकानाला कुलूप. शेजारच्यांना विचारलं, कुणी धड सांगेना. त्या दिवसांत चिनी लोकांना पकडून नेत होते, एवढंच कानावर आलं. नाव न विचारल्याची मला आजही लाज वाटते.

कवळी बसली आणि बाबा पुन्हा बोलायला लागले. मागच्या दाढांत दोरा धरायची सवय व्हायला महिना गेला, पुड्या थोड्या कमी व्हायला लागल्या, पण मिरची हिरडीत जायची थांबली. गॅलरीत पुन्हा पेपर सुरू झाला. पहिल्या दिवशी मी शाळेला उशिरा गेले आणि मुद्दाम मैत्रिणींना वर घेऊन आले. "हे माझे बाबा," मी म्हटलं. बाबांनी पेपरावरून नजर वर केली, मुलींना बसायला सांगितलं आणि अग्रलेख पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत ऐकावा लागला.

पण दात ही काही लपणारी गोष्ट नाही. लोक विचारायला लागले, परब, हे विम्याने दिले का? बाबा सगळ्यांना तो मराठी कागद दाखवायचे. विम्याने दात दिले नाहीत, असं म्हणायचे, हाताचं माप चोरलं होतं ते दिलं. हे ऐकून एके दिवशी चिंचपोकळीचा एक माणूस जिना चढून आला. त्याचा हात मनगटाच्या वर गेलेला. कोपऱ्यात उभा राहून त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि म्हणाला, "माझं पण पट्टीवरूनच मोजलं होतं, परबदादा." बाबांनी मला खालच्या शिंप्याकडून टेप आणायला पाठवलं. टेपेचं एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी. त्याचं माप बरोबर निघालं. बाबांनी त्याला तसं स्पष्ट सांगितलं, आणि तो चहा पिऊन गेला. दोन दिवसांनी त्याने हात गेलेल्या आपल्या मेव्हण्याला पाठवलं, आणि त्याचं मात्र कमी निघालं.

मग लोक येतच राहिले. कुणाचा हात, कुणाचा पाय गुडघ्याखाली, एकाची नुसती बोटं. रविवारी सकाळी आमच्या गॅलरीत रांग लागायची, आणि येणारा प्रत्येक जण दारात आल्यावर बाही वर करायला लाजायचा. बाबा आपला थोटा पुढे करायचे, "हे बघ, माझं. आता दाखव." मी अर्ज लिहायची, सगळे मराठीत. ऑफिसातले कारकून माझं अक्षर ओळखायला लागले होते, बाड उघडून म्हणायचे, "आली का परबांची पोर!" कित्येकांना काहीच मिळालं नाही. काहींना मिळालं. दातांचा नियम तर शेवटपर्यंत बदलला नाही, आणि बाबांनी त्याचा अर्ज दर वर्षी करायचं सोडलं नाही.

आईला हे सगळं सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं. चहाची पूड संपते, जिन्यावर माणसं बसतात, शेजारी कुरकुरतात. अशाच एका रविवारी रांगेत शेवटी एक अगदी तरुण मुलगा उभा होता, नुकताच अपघात झालेला, हातावर अजून पट्टी. बाबा म्हणाले, "पट्टी निघाल्यावर ये, तोवर कुणालाही मोजू देऊ नकोस." तो मान खाली घालून मागे वळला. चुलीपाशी बसलेली आई उठली, उंबऱ्यापर्यंत आली आणि त्याला म्हणाली, "खंय चल्लंस? चाय घेतल्याशिवाय जावचा नाय." मग तिने बाहेर मान काढली, उरलेल्या रांगेकडे बघितलं आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी हाक दिली,

"पुढचो कोण? भायर कित्याक उभो? भितर ये, आणि हात दाखव!"